तिसरी ओळ

तोबदनला तिसरी ओळ वाचता आली नाही.

टिळक रोडवरच्या आमच्या दवाखान्यात,
जानेवारीत, पंखा दोनवर,
लोकरीची टोपी मांडीवर घेऊन तो बसला होता
आणि बावीस वर्षं लोकांना
'आता बरं दिसतंय, की आधी?' विचारत आलेली मी
त्याच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत होते.
वरचा मोठा 'क' त्यानं सांगितला.
दुसऱ्या ओळीत 'म'चा 'भ' केला.
तिसरीला म्हणाला, दीदी, इथं धुकं आहे.

धुकं नव्हतं. ट्यूबलाइट होती.

सप्टेंबरात याच माणसाच्या मागं
एका दोरात आम्ही सात जण चाललो होतो.
त्याआधी चार महिने तळजाईवर
पाठीवर आठ किलो आंबेमोहोर घेऊन चढउतार,
(नंतर त्याचाच भात केला. मऊ झाला,
चढून चढून दमला असणार.)
आणि शेवटी ती खिंड:
रात्री दोनला तंबूवर टिचकी, उठा,
उन्हं आली की बर्फ खोटं बोलायला लागतं.

कपाळावर दिवे, मिशांवर दहिवर,
देशमान्यांचं महागडं घड्याळ म्हणत होतं, डावीकडे.
तोबदन काठी टोचायचा. एकदा. दोनदा.
मग मान तिरकी करून थांबायचा,
मंडईत कलिंगड वाजवून बघतात तसा,
आणि उजवीकडे वळायचा.
मी ठेवीन तिथंच पाऊल. ओळ मोडू नका.
मी मोडली. चार बोटं फक्त.
मांडीपर्यंत पाय आत, खाली निळं काहीतरी,
आणि त्याच्याही खाली, फार लांब,
नळ चालू राहिल्यासारखं पाणी.
दोर ताणला गेला. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वळून पाहिलं नाही, ते आत्ता कळत होतं मला,
स्टुलावर बसल्या बसल्या.

किती दिवस झाले असं?
तीन वर्षं, दीदी. चार असतील.
मग तिथं तू बघत काय होतास?
तो हसला. पांढऱ्यावर पांढरं.
डोळे चांगले असते तरी काय दिसणार होतं?

मला राग यायला हवा होता. आला.
सात जण. देशमान्यांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला आलेली.
केसपेपरवर मोतीबिंदू, दोन्ही डोळे, पिकलेला
असं लिहिलं ते खालच्या तीन पानांवर उमटलं.
ग्रुपवर मात्र मी काही टाकलं नाही.
अजून टाकलेलं नाही.

संध्याकाळी त्याला लॉजवर सोडायला निघाले.
फुटपाथच्या कडेला तो उभाच राहिला.
स्कूटर, रिक्षा, बस, पुन्हा स्कूटर,
एक दुधाच्या क्रेटचा टेम्पो.
म्हणाला, हे रात्री गोठतं का?
म्हटलं, दोन-अडीचला जरा पातळ होतं.
मग तेव्हाच ओलांडू, म्हणाला, अगदी गंभीरपणे.

मी त्याची बाही धरली.
मी ठेवीन तिथंच पाऊल, म्हटलं, मोठ्या ऐटीत,
उजवीकडे पाहिलं, रस्ता रिकामा,
आणि निघाले.

कोपराला हिसका बसला.
डावीकडून, उलट्या बाजूनं, दिवा न लावता
एक दुचाकी ओढणीला वारा घालून गेली.
तो समोरच बघत होता. म्हणजे, समोर तोंड करून उभा होता.
मान जराशी तिरकी.

उद्या आठला त्याचा डावा डोळा.
महिन्याभरानं उजवा.
उन्हाळ्यात खिंड उघडेल तेव्हा
त्याला तिसरी ओळ दिसेल, चौथीही,
बारीक अक्षरांची शेवटचीसुद्धा.
शस्त्रक्रिया सोपी आहे, मी त्याला सांगितलं.
भीती कशाची वाटते ते नाही सांगितलं.