शेरा

पहिल्या रात्री उमरवाडी सापडलीच नाही.
नकाशावर पुसद होतं, दारव्हा होतं, पैनगंगेची निळी रेघ होती,
आणि जिथं मोतीराम कुमरे भर अडीचच्या उन्हात
झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडतात
तिथं कोरी जागा.
चूक एकही नाही, म्हणत होतं यंत्र.
नकाशा लहान करत गेले, अजून लहान,
तेव्हा पार वर, ध्रुवाच्या अलीकडं, गोठलेल्या समुद्रात
एक एकटं वर्तुळ,
डाव्या खांद्यावर आकडा: चव्वेचाळीस पॉइंट सहा.
अक्षांशाच्या रकान्यात रेखांश. मीच भरलेला.
वीस आणि सत्त्याहत्तरनं जागा बदलल्या
की गाव अस्वलांच्या शेजाराला राहायला जातं.

दुसऱ्या रात्री वारा उलटा निघाला.
येतो कुठून आणि जातो कुठं,
या दोन साध्या प्रश्नांत एकशेऐंशी अंश असतात.
तेही निस्तरलं.
वर्तुळाखाली गावाचं नाव टाकलं, तर सात रिकामे चौकोन उमटले,
काना आणि वेलांटी वेगळी मोजून सात.
ते तसेच ठेवले. झोप येत होती.

तिसऱ्या रात्री आर्द्रता शंभर टक्के.

मे महिना. दिग्रस. दीड वाजलेला.
दवबिंदूही चव्वेचाळीस पॉइंट सहा.
नकाशा सांगत होता, उमरवाडीत आज दुपारी दाट धुकं असणार.
सूत्र तपासलं. दाब तपासला. कंस मोजले.
सूत्र बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.
खिडकीत कूलर वाळ्याच्या ताटीतून पाणी गाळत होता,
मान गार पडत होती,
आणि मग लक्षात आलं, हा साक्षीदार इथंच घरघरतोय.
हवा काठोकाठ भरलेली असती
तर यानं कधीच हात टेकले असते.

वहीचा फोटो पुन्हा उघडला. निळी शाई, उभट आकडे.
कोरडा: ४४.६
ओला: ४४.६
आणि त्याच्या पुढं, अगदी कडेला, 'शेरा'.
तो रकाना मी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता.
ओळ एकोणीसवर यंत्र अडायचं:
आकडा हवा होता, अक्षरं मिळाली.
म्हटलं, अक्षरांचं काय काम.

शेऱ्यात लिहिलं होतं:
वान्नेरानं ओल्याची चिंधी नेली. दुसरी नाही.
सोमवारी अर्ज दिला.

सोमवार जाऊन नऊ दिवस झाले होते.

सकाळी फोन केला.
"मॅडम, लेहून तं देल्लं होतं म्या.
वाचत नाई का तुमचं मशीन?"
शब्द नाही वाचत, म्हटलं.
"मंग काय वाचते?"
आकडे.
जरा वेळ फोनवर नुसता वारा.
पश्चिमेचा असावा, पाच-सहा नॉटचा.
"बरं, आपलं गाव तरी दिसते का त्यात?"
दिसतं, म्हटलं. नाव नाही उमटत. चौकोन दिसतात, सात.
ते हसले. "वावरं असतीन."

नऊ दिवसांचे दवबिंदू पुसून टाकले.
वर्तुळाच्या डाव्या बाजूला, खाली,
आता काही नाही. ते काही नाही मला
शंभरापेक्षा खरं वाटतं,
पण अहवालात साहेबांनी त्यावर
लाल गोल केला: अपूर्ण.

आज पुन्हा फोटो आला, नेहमीसारखा तिरपा,
कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्यासकट.
कोरडा ४३.८. ओला २३.१.
शेरा मी आधी वाचला:

धोतराची चिंधी लावली. खळ जावी म्हणून
दोनदा धुतली. पेटीला तार बांधली.
वान्नेर अजून झाडावर आहे.