ऐंशीच्या पुढे

कुंदा म्हणाली, गाडी ओरडते.
मी म्हटलं, कुठे?
आत्ता. ब्रेक दाबलात तेव्हा.
पाटीवर खडू उभा धरून ओढावा तशी.

वरच्या पट्टीतलं मला काही ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं अंबाझरीच्या कारखान्यात, प्रेसशॉपमध्ये,
कानात कापसाचे बोळे, तेही आठवलं तर.
कुकरची शिट्टी मला दिसते,
ऐकते ती.

पण स्टिअरिंग थरथरतं ते तिला कळत नाही.
ऐंशीच्या पुढे काटा गेला
की मुठीत भुंगा धरल्यासारखं.
ऐंशीच्या आत भुंगा झोपलेला.

धकात्यांचं गॅरेज दत्तवाडीच्या अलीकडे.
मे महिना. सकाळचे साडेदहा, आणि पान्याला
हात लावण्याआधी धकाते तो बादलीत बुडवतात.
दोघांचं ऐकून घेतलं त्यांनी,
आधी तिचं, मग माझं,
मग रुमालानं मान पुसली आणि म्हणाले,
'काका चालवतीन, काकू ऐकतीन, मी मांगं बसतो.'

रिंग रोडला लागलो.
सिमेंटचे सांधे चाकांखाली, थड, थड, थड.
'हे मोजू नका,' धकाते म्हणाले,
'हे रस्त्याचं आहे, आपलं नाही.'
साठ. सत्तर. झाडं नाहीत, नुसतं पांढरं ऊन.
ब्याऐंशीला मी म्हटलं, आला.
कुंदा म्हणाली, काय आला?
'आता ब्रेक, हलकेच.'
तिनं डोळे घट्ट मिटले, दात शिवशिवल्यासारखे.
'समोरून,' ती म्हणाली. 'माझ्या पायापाशी.'
आरशात धकाते मान हलवत होते.
आम्हा दोघांचा मिळून एक धड माणूस झाला होता
त्यांच्या कामापुरता.

गाडी जॅकवर चढली. डावं पुढचं चाक निघालं.
पॅड ग्लुकोजच्या बिस्किटाहून पातळ.
त्याच्या कडेला पत्र्याची एक बारीक जीभ,
धकात्यांनी नखानं दाखवली.
पॅड संपत आलं की ही डिस्कला घासते.
बिघाड नाही हा. कंपनीनंच बसवलेली असते,
मालकाला कळावं म्हणून.

मी ती जीभ बराच वेळ बघत राहिलो.

'आणि हा टायर कुठचा?'
बुटीबोरीचा. मार्चमध्ये पंक्चर झालं तेव्हा,
मिळाला तो घातला, एकच.
धकाते उकिडवे बसले, तंबाखू मळत:
'दुसरी गाडी असती तं खपलं असतं, काका.
हिचे चारही चाकं ओढून राहिले ना.
एक नवा, उंच; तीन झिजेल.
फिरता फिरता एकमेकांशी भांडतात,
अन् मधातला गिअर फुकट तापते.'
मग मागचा उजवा टायर खाली टाकून म्हणाले,
'आता तुमीच हात फिरवा.'

आतल्या बाजूनं फिरवला.
रबर, रबर, रबर, आणि मग
गालात सुपारी धरावी तेवढा फुगा.
डोळ्यांना दिसत नव्हता. फैजाननं टॉर्च मारला,
तरी दिसला नाही. हाताला होता.

चार टायर, पुढचे पॅड, बॅलन्सिंग.
मी मनात आकडा मांडला
आणि कूलरच्या ताट्या
आणखी एका उन्हाळ्याला पुरवल्या.

संध्याकाळी परत तोच रस्ता.
ऐंशी. पंच्याऐंशी. हात रिकामे,
इतके रिकामे की मला चुकल्यासारखं झालं.
ब्रेक दाबला. विचारलं, गेला?
तिनं मान हलवली. तिच्या शब्दावर ठेवलं.

वाडी नाक्यावर लाल दिवा.
कुंदा खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलली,
मी म्हटलं, माझ्याकडे बघून बोल.
'म्हटलं, घरातलेही आहेत.'
काय?
'आवाज. कूलरच्या मोटरचा. फाटकाच्या बिजागरीचा.
न्हाणीघरातला नळ रात्री दोनला शिट्टी घालतो.
आणि तुम्ही झोपेत.'
मी झोपेत काय?

दिवा हिरवा झाला. मागचा ट्रक
वाजवत असावा, कारण तिनं
माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटलं.
मी गिअर टाकला.
ऐंशीच्या खूप आत, घरापर्यंत,
ती एकेक सांगत होती
आणि मी अर्धा रस्त्याकडे,
अर्धा तिच्या ओठांकडे.