एक गुणाचा प्रश्न

नंदगडच्या शाळेत सातवीला
मी एक झेरॉक्स वाटली.
खालील उतारा वाचा, प्रश्नांची उत्तरे लिहा.
लांबच्या देशातली बाई, गुलाम होती,
सुटल्यावर चाळिशीत अक्षरं शिकली
आणि पहिलं काय आठवून लिहिलं, तर
मालक मेला तेव्हाची लिलावाची यादी:

कढई, तांब्याची. खेचरं, चार. घंटा.
लोकर कातरायची कात्री. गाडी.
मळीची पिंपं. खोगीर.
आरसा, तडा गेलेला.
मुलगी, वय अंदाजे नऊ.
शिडी. रांजण.

प्रश्न दुसरा, गुण एक:
यादीत एकूण किती वस्तू आहेत?
नमुना उत्तर मीच काढलेलं. अकरा.

खरं सांगायचं तर उतारा मी फिलूसाठी निवडला होता,
गोधोळीची फिलोमिना सिद्दी, तिसरा बाक.
वाटलं होतं, काहीतरी हलेल.
तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, अकरा,
आणि विचारलं, बाई, खेचर म्हणजे गाढव काय घोडा?
मला अर्धंच सांगता आलं.

रात्री वीज गेलेली. बॅटरीच्या उजेडात
मष्णू तळवारचा कागद आला. दहा.
लाल फुली मारून पुढं गेले.
चार कागदांनंतर परत आले.
समासात, पेन्सिलीनं, बारीक:
बाई, त्यातली एक वस्तू न्हवं.

मधल्या सुट्टीत गाठलं त्याला.
नळाला तोंड लावून पाणी पीत होता.
ओठ पुसत म्हणाला,
आज्जाचा कागद हाय घरात,
सावकाराकडं जीताला होता तवाचा.
कानडीत हाय. मीच वाचलो.
बैल दोन, नांगर एक, मष्णू.
मी म्हटलं, मष्णू?
आज्जाच की. त्याचंच नाव ठेवल्यात मला.
आणि घंटा झाली म्हणून पळाला.

आमच्याकडं पाट्यांवर डांबर फासतात,
कधी ह्या लिपीवर, कधी त्या.
हा पोरगा एका लिपीत आज्जाला शोधून
दुसरीत मला उत्तर देऊन गेला.

लाल शाई खोडता येत नाही.
फुलीवरच बरोबरची खूण ओढली,
भलतंच काहीतरी दिसतंय ते आता, मोडक्या पतंगासारखं.
बाकी सदतीस जणांचा गुण कापला नाही.
ते बरोबरच मोजत होते.
प्रश्न मी काढला होता.

फिलूला खेचराचं चित्र दाखवायचं
अजून राहिलंय.