अदृश्य तहसीलदार, अंक चौदावा

सेलूच्या स्टँडमागं, पंक्चरच्या टपरीला खेटून
खाजाभाईचं दुकान. दुकान म्हणजे एक बाज,
बाजेवर कॉमिक्स, कॉमिक्सवर विटा.
वारं सुटलं की सगळे हिरो एकदम फडफडायचे.
किराया दिवसाला आठ आणे,
पान फाटलेलं असलं तर चार.
म्हणून आम्ही बालपणभर फाटकंच वाचलं,
मी आणि नसरीन.
दप्तरात भूगोल, भूगोलात 'अदृश्य तहसीलदार'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते:
नवसागर हुंगला की तहसीलदार दिसेनासा होतो,
आणि तीन अंक कचेरीत कुणाला पत्ताच लागत नाही.
साहेब खुर्चीत नसणं ही काय बातमी आहे का?
शिपाई रिकाम्या खुर्चीपुढं चहा ठेवतो. कप रिकामा होतो.
शिपाई म्हणतो, "आज साहेबाची तब्येत बरी दिसती."

या चौकटीवर नसरीन इतकी हसली
की उसाचा रस नाकातून आला.
मला तो विनोद अजूनही सांगता येत नाही,
शिपायापर्यंत पोचायच्या आतच मी फुटते.

अंक चौदा.
पाण्याच्या टाकीला एका हातानं लोंबकळणारा तहसीलदार,
नवसागर संपलेला, हळूहळू दिसायला लागलेला,
आधी बूट, मग पट्टा, मग अर्धीच मिशी.
खाली घुबडशेठची माणसं.
आणि पुढचं पान नाही.

"शेंगदाणे बांधले कुणीतरी," खाजाभाई म्हणाला,
"म्हणून तर चार आणे. शेवट पाहिजे तर आठ आणेवाला ने."
आठ आणेवाला नव्हताच.

मग शेवट आम्हीच केले.
नसरीनचा: टाकी फुटते, अख्ख्या गावाची आंघोळ होते,
घुबडशेठचीसुद्धा.
माझा: तो पडता पडता हवेतूनच रजेचा अर्ज टाकतो.
नसरीनचा दुसरा: त्याची बायको येऊन त्याला झेलते.
ती पहिल्या अंकापासून अदृश्यच होती,
कुणी विचारलं नाही.
तेव्हा नसरीन बारा वर्षांची होती.
मला हा शेवट कळायला पुढं वीस वर्षं लागली.

आता मी याच स्टँडवर गाड्या पुकारते.
"जिंतूरमार्गे हिंगोलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर
अगं माय माय माय, पाल!"
हे एका पोरानं फोनमध्ये धरलं.
कुणी त्याखाली ढोल घातला, कुणी नाचणारी मांजर लावली,
आणि कुठल्याशा देशातला एक हिरवा पोपट
आता रोज सकाळी "माय माय माय" म्हणतो.
डेपोनं खुलासा मागितला.
मी लिहिलं, पाल खरी होती.

रात्रीची शेवटची गाडी गेली की मी फोन उघडते.
मानवतचा कोंबडा, बँडच्या तालात आरवणारा.
एटीएमच्या गारव्यात रवंथ करणारी शेळी.
गंगाखेडचे एक काका, बादली घेऊन
चंद्र पोकळ आहे हे सिद्ध करणारे.
नवरा म्हणतो, शेहेचाळिसाव्या वर्षी हे काय?
तो बातम्या बघत असतो.

तिथंच परवा सापडला.
अंक चौदा. कुणीतरी पानन् पान टाकलेला. पूर्ण.

अंगठा बराच वेळ हवेत राहिला.
मग उघडलं.
टाकी. टाकीला धरलेला हात. एवढंच.
खाली लिहिलेलं, "पुढं काय झालं? वाचा अंक पंधरा!"
बाजूला उंदराच्या औषधाची जाहिरात.
अंक पंधरा कधी निघालाच नाही.

बिदरला नसरीनला पाठवलं.
दोन रेघा. निळ्या. मग काहीच नाही.
मग आवाज आला, चाळीस सेकंदांचा,
नुसतं हसणं, खोकला, पुन्हा हसणं,
आणि त्यात कुठंतरी अडकलेलं एक वाक्य:
"अगे, शेंगदाणेवाले ने कुछ नै चुराया अपना!"

तेवढ्यात हिंगोली फलाटाला लागली.
मी बटण दाबलं, तोंड उघडलं,
आणि स्टँडभर ते हसूच गेलं.
पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या एका पोरीनं
हळूच फोन वर केला.