त्र्याण्णव नंबरची जागा

हुंदरे मामा दुकानात येतात ते दुपारी तीनला,
खडेबाजारात गिऱ्हाईक नसतं तेव्हा.
आधी हात धुतात, साबण लावून, माझ्या पिंपातल्या पाण्यानं.
मग पिशवीतून पंचा, पंच्यातून वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रातून नट्या.

जर्मनीच्या. एकोणीसशे छत्तीस-सदतीसच्या.
सिगारेटच्या पाकिटातून एकेक निघायची म्हणे,
लोक ओढत आणि चिकटवत.
एक तर अशी हसतेय,
की निपाणीच्या तंबाखूवाल्यांना हे सुचलं असतं
तर बिडीच्या कट्ट्यात काय काय मिळालं असतं!
मी म्हटलं तसं.
मामा हसले नाहीत.

चाळीस वर्षं कॅम्पातल्या टॉकीजच्या दारात
तिकिटं फाडली त्यांनी.
पिक्चर बघितले ते फक्त शेवटची वीस मिनिटं.
हा अल्बम मिळाला कंग्राळीत,
हवालदार किणेकरांच्या ट्रंकेत, कांबळ्याखाली.
इटलीतल्या कुठल्याशा रिकाम्या घरातून उचललेला,
मरेपर्यंत कुणाला न दाखवलेला.
बायको म्हणाली, न्या बाबा,
झाकण उघडलं की या बायका मला बघतात.

तिथून लागलं वेड.
पोस्टकार्डं, टॉकीजची पत्रकं, नटाची सही,
पेन्शनीतून, टपालानं.
काहींच्या मागे शिक्का: गरुड, आणि पंजात ते.
माझ्या चोपडीवरही आहे स्वस्तिक, कुंकवाचं,
चार घरांत चार टिंबं.
त्यांच्यात टिंबं नाहीत.
"घरं हाईत, आत कोण न्हाई," मामा म्हणाले,
आणि लगेच,
"असलं बोलायला बरं वाटतंय. म्हणून बोलू नये."

मागच्या महिन्यात पुण्याहून एकजण आला, गाडी घेऊन.
नट्या उलट्या करून त्यानं भिंगातून गरुड मोजले.
शिक्का जितका ठळक तितका भाव.
मामांनी त्याला चहा पाजला,
गाडीपर्यंत सोडायला गेले,
विकलं काहीच नाही.

आज एकच पान आणलंय.
बारा चौकोन, अकरा चेहरे.
त्र्याण्णव नंबर गळून पडलेला नाही.
ब्लेडनं काढलाय, पट्टी लावून.
खालचं नाव खरवडलंय,
अक्षराचा एक दांडा तेवढा राहिलाय.

मी काच कापणारा. सरळ रेघ ओळखतो.
हे घाईत झालेलं नाही.
जेवण उरकून, दिव्याखाली बसून केलंय कुणीतरी,
आणि मग पान उलटून पुढची चित्रं चिकटवलीत.
कारण पुढची सगळी आहेत.

"नट का नटी?"
"ठाऊक न्हाई."
"यहुदी?"
"असंल. दुसरा अल्बम हुडकून काढलो, मुंबईत, भंगारात.
त्यातबी हेच घर मोकळं.
ब्लेड तेवढं येगळं."

मला आमची पाटी आठवली, रात्रीत डांबर फासलेली.
सकाळचं ऊन तिरकं पडलं
की खालची अक्षरं फुगून वर यायची.
तसं म्हटलं, तर मामांनी मान हलवली.
"न्हाई बे. तू सकाळी येऊन कुलूप काढलास की."

फ्रेम करायची.
मी माउंटवर अकरा खिडक्या आखायला घेतल्या.
"एकच," मामा म्हणाले.
"त्र्याण्णवची."

अकरा हसू पुठ्ठ्याखाली गेली.
मागे काय लावू? पांढरं, काळं, मखमल?
बाहेर कोल्हापूरच्या गाडीवाल्याचं
आणि कुणा रिक्षावाल्याचं दोन भाषांत वाजलं,
मिटलं.
मामा तोवर गप्प.
"काय लावू नको. भिंत दिसू दे."

काच पुसून मी चौकट उभी धरली.
पलीकडून मामा वाकले, खिळे बघायला,
आणि त्या भोकात त्यांचा डोळा आला,
पाणावलेला, म्हातारा, मोतीबिंदूचा.

त्यांच्या लक्षात आलं.
झटकन बाजूला सरकले,
दुसऱ्याच्या खुर्चीत चुकून बसलेल्या माणसासारखे.