तेरा टक्का

जिनिंगच्या फाटकाशी पऱ्हाट्या जाळून
दिलबहादूर घर्ती आणि पंचायतीचा शिपाई रुषी कुमरे
दोन सरकारं शेकत बसतात.

“तुयाकडं नेपाळात बिस्किटावर कर किती?”
“तेरा टक्का. सगळ्यावर तेराच.”
रुषीला आपला दर ऐन वेळी आठवत नाही;
घरपट्टीची थकबाकी मात्र तोंडपाठ, घरागणिक,
स्वतःची धरून.

“अन् सरकार देते काय?”
“गावात झुलता पूल दिला. पक्का आहे.
त्यावरूनच तर इकडं आलो.”

रुषी हसत नाही.
पलीकडं टाकी उभी, निळी,
तिच्यावर उद्घाटनाची तारीख.
पाणी अजून रस्त्यात आहे.
त्याचा पोरगाही वॉचमनच, हिंजवडीत.

पुड्यात अकरा बिस्किटं निघतात.
पाच, पाच.
एक कुत्रं वसूल करतं.