फुंकर

ओनोदेरा-सान वृद्धाश्रमात गेले त्या सकाळी
दाढी झाली तरी खुर्चीतून उठेनात.
मग आरशाला सांगितल्यासारखं म्हणाले,
"मित्सुए, गाडीत एक पिंजरा आहे. तिथं पाळू देत नाहीत."
माझ्या एका हातात वस्तरा, दुसऱ्यात त्यांची हनुवटी.
नाही म्हणायला निदान एक हात मोकळा लागतो.

दोन जुशिमात्सु.
चहा सांडलेला रुमाल चुरगाळून ठेवावा, तेवढे आणि तसे.
नावाचा अर्थ दहा बहिणी.
"बाकीच्या आठ?" मी विचारलं.
त्यांनी टोपी घातली
आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान दिलं. मागे लिहिलेलं:

राळे रोज.
पालेभाजी चिरू नये, जुडी अख्खी अडकवावी, ओढून खायला आवडते.
शिंपल्यांचा चुरा. समुद्रफेस तारांमध्ये खोचावा, चोच घासतात.
आंघोळ सकाळीच. संध्याकाळी भिजले तर रात्र निघणार नाही.
आणि तळाशी, पेन्सिलीनं, अक्षर उतरत गेलेलं:
वाटी भरलेली दिसली तरी फुंकर घाल.

हे शेवटचं मला म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

पाचव्या दिवशी दोघे तारांवर आपटू लागले.
वाटी तर काठोकाठ. मी म्हटलं, आठवण येत असेल त्यांची.
साकाताचं वारं दार हलवत होतं, गिऱ्हाईक नव्हतं,
सहज म्हणून फुंकले.
सगळी फोलपटं उडाली,
फरशीवरच्या कापलेल्या केसांत जाऊन पडली,
आणि वाटीत उरला वाटीचा तळ.
काल दुपारपासून मी त्यांना
जेवून झालेलं जेवण वाढत होते.

त्या रात्री सेंदाईहून मुलीचा फोन.
"कशी आहेस आई?"
"सगळं आहे," मी म्हटलं. "भरपूर आहे."

जानेवारीत बर्फ खिडकीच्या अर्ध्यावर.
मादी खाली उतरून बसली, फुगून, डोळे मिटून,
शेपटी श्वासागणिक वरखाली.
अंडं अडलं होतं.
पशुवैद्य त्सुरुओकात, रस्ता बंद.
"ऊब द्या," तो फोनवर म्हणाला, "ऊब आणि अंधार, बाकी काही करू नका."
बाकी काही करू नका, हे मला कधी जमलेलं नाही.
पण ऊब!
चाळीस वर्षं गालांवर गरम टॉवेल ठेवत आले मी.
मशीन लावलं. टॉवेल पिळून, मनगटावर पाहून,
खोक्याभोवती गुंडाळला. निवला की दुसरा.
गावातल्या अर्ध्या पुरुषांचे चेहरे ज्यांनी मऊ केले
ते सगळे टॉवेल त्या रात्री
दहा-बारा ग्रॅमच्या एका बाईसाठी राबले.
नर पेंढ्याच्या घरट्याच्या तोंडाशी बसून होता.
गायला नाही. मीही रेडिओ लावला नाही.

पहाटे चारला खोक्यात
पांढरं, पावट्याएवढं काहीतरी,
आणि ती त्याच्याकडे पाठ करून राळे सोलत होती.
कुणाचं तरी काम उरकून दिल्यासारखी.

अंडं फुटलं नाही. पुढचंही नाही.
तिसऱ्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही, उगाच दृष्ट लागेल.

वृद्धाश्रमात फोन केला. नर्सनं रिसीव्हर कानाला लावून दिला म्हणे.
"मी मित्सुए. सलूनवाली."
काही नाही.
"पक्षी बरे आहेत. ती आता खाते."
काही नाही. कुठंतरी चमचा पडल्याचा आवाज.
मी फोन पिंजऱ्यापाशी धरला. नराला नेमकं तेव्हाच गायचं नव्हतं.
परत कानाला लावला, ठेवते म्हणणार,
तेवढ्यात पलीकडून, अगदी जवळून,
फू.

मी वाटी उचलली.